डाव्या विंगेतली खुर्ची

१

मंडळी लहान होती. लहान म्हणजे अगदी सात माणसांची. त्यातला एक दिवे सांभाळायचा, एक दिग्दर्शन करायचा आणि एकजण उजव्या विंगेत बसून अडलेल्या नटाला शब्द द्यायची. उरलेल्या चौघांत एक राजा, त्याच्या तीन मुली, दोन जावई, एक विदूषक आणि लागेल तेवढं सैन्य. सैन्य बहुतेक पडद्यामागेच लढायचं, कारण समोर यायला माणसंच शिल्लक नसत.

शब्द देणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी ती काटकुळी होती आणि बोलायला टोकदार. आता पंचेचाळिशी उलटली, अंग भरलं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. सकाळी एका दवाखान्यात कागदपत्रं लावायची आणि दुपारी तीनला तालमीच्या हॉलवर यायचं. खुर्चीवर बसायचं, निळा कागद गुंडाळलेला छोटा दिवा लावायचा, मांडीवर नाटकाची प्रत उघडायची. बावीस वर्षं हाच क्रम.

आणि बावीस वर्षं एकच नियम. शब्द द्यायचा, भाव द्यायचा नाही. वाक्याचे पहिले दोन शब्द, तेही सामानाची यादी वाचावी तशा सपाट आवाजात. तिसरा शब्द दिला की नट आळशी होतो. सूर लावून दिला तर तो तुमचाच सूर उचलतो आणि भूमिका त्याची राहत नाही. हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं.

मंडळीतला राजा म्हणजे तिचे वडीलच. सगळे त्यांना राजेच म्हणत, कारण उभ्या जन्मात त्यांनी दुसरं फारसं काही केलंच नव्हतं. एकदा नोकर केला होता तर मालकापेक्षा तोच मालक दिसायला लागला. वय सत्त्याहत्तर. डावा कान वीस वर्षांपूर्वी कायमचा गेला, त्या बाजूने ढोल बडवला तरी कळत नसे. म्हणून टाचणीची खुर्ची उजव्या विंगेत. अडले की ते करंगळी अंगठ्याने चोळत आणि उजवा कान किंचित तिच्याकडे झुकवत. प्रेक्षकांना वाटे, राजा विचारात पडलाय.

या खेपेला मास्तरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, ते जुनं परदेशी नाटक काढलं होतं, चारशे वर्षांचं. म्हातारा राजा राज्य वाटायला बसतो. गोडगोड बोलणाऱ्या थोरल्या दोघींना सगळं देतो आणि खरं बोलणाऱ्या धाकटीला हाकलतो. मग वादळात वणवण करतो, माणसं ओळखेनासा होतो आणि शेवटी धाकटीचं प्रेत घेऊन रंगमंचावर येतो. राजेंनी ही भूमिका तिशीत दाढी चिकटवून केली होती. आता दाढी त्यांची स्वतःची होती आणि वाक्यं पळायला लागली होती.

डॉक्टरांनी टाचणीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पाठ केलेलं बऱ्याचदा उशिरा जातं. माणसांचे चेहरे आधी जाऊ शकतात. तयारी ठेवा." कसली तयारी ठेवायची ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून टाचणी रोज सकाळी चहाचा कप देताना वडिलांच्या तोंडाकडे बघायची. ते "काय गं टाचणे" म्हणाले की तिचा जीव भांड्यात पडायचा. दिवस मग कसाही गेला तरी चालायचा.

२

हॉल पूर्वी छापखाना होता. भिंती जाड, छत पत्र्याचं, खिडक्यांना काळा कागद लावलेला. बाहेर लख्ख दुपार असली तरी आत दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे. रंगमंच म्हणजे एक लाकडी ओटा. मागचा पडदा थेट भिंतीला ठोकलेला, त्यामुळे एका विंगेतून दुसरीत जायला मागून वाट नव्हती. ओट्यावरून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जायचं, नाहीतर खाली उतरून हॉलला वळसा घालायचा.

वादळाच्या प्रवेशात राजा डावीकडे पुढे येतो. तिथून उजवी विंग चौदा पावलं. त्या कोपऱ्यात राजे सहा वेळा अडले. सहाही वेळा टाचणीने शब्द दिले, पण पत्रा हलवून केलेल्या गडगडाटात ते पोचलेच नाहीत.

तालीम संपल्यावर मास्तर तिच्याजवळ आले. चष्मा पुसत बसले. मास्तर चष्मा पुसायला लागले की काहीतरी वाईट सांगायचं असतं, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"टाचणी, शनिवारी रंगीत तालीम. त्यातही असंच झालं तर राजा मी करीन. मला आनंद नाही होत आहे."

"त्यांना दुसरं काही नाही हो मास्तर. हे काढून घेतलंत तर घरात नुसते बसतील."

"आणि रविवारी ऐंशी माणसांसमोर गप्प उभे राहिले तर? ते जास्त बरं का?"

घरी जाताना वडील म्हणाले, "तिकडच्या कोपऱ्यात गेलो ना, की तू दिसत नाहीस गं. मग मला काहीच आठवत नाही." ते हे इतकं साधेपणाने म्हणाले की तिला रस्त्यातच रडू फुटायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी आली. डाव्या विंगेत एक खुर्ची ठेवली. पाठीवर आपला कोपराला रफू केलेला तपकिरी स्वेटर अडकवला. दुसरा एक दिवा लावला, त्याला निळा कागद गुंडाळला. प्रत एकच होती, म्हणून तिच्या जागी दवाखान्यातलं एक कोरं रजिस्टर खुर्चीत उघडून ठेवलं. लांबून पाहिलं तर कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटत होतं. ही शब्द देणाऱ्यांची जुनी युक्ती. नटाला शब्द लागत नाहीत, ते आहेत एवढा भरवसा लागतो.

"बाबा, आजपासून मी दोन्हीकडे आहे," ती म्हणाली. "डावीकडे अडलात तर डावीकडे बघायचं."

"एकदम दोन्हीकडे?"

"ते माझं मी बघते ना."

राजे खुर्चीकडे बघून हसले. "बरं झालं बाई," ते म्हणाले. एवढं साधं खोटं आपण आधी का नाही बोललो, असं तिला वाटलं.

३

त्या दिवशी वादळाच्या प्रवेशात राजे पुढे गेले, कोपऱ्यात उभे राहिले आणि नेहमीच्या जागी अडले. करंगळी चोळली. टाचणीने ओळीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं.

राजेंनी डोकं डावीकडे झुकवलं. क्षणभर ऐकलं. आणि वाक्य उचललं. तेच, बरोबर. पुढे तीन वेळा हेच झालं. मास्तर जागेवरून उठून उभे राहिले. धाकटीचं काम करणारी मुलगी, तिला सगळे धाकटीच म्हणत, विंगेत टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

टाचणीही खूश झाली. युक्ती फळली, असं म्हणून तिने स्वतःची पाठ थोपटली. बस थांब्यावर उभी राहिली तोवर तिचा आनंद टिकला. मग तिच्या ध्यानात आलं की ते डावीकडे नुसते बघत नव्हते, कान देत होते. आणि तो कान वीस वर्षांपूर्वी गेलेला होता.

तिने स्वतःची समजूत घातली. सवयीने मान वळली असेल. इतकी वर्षं झुकून शब्द घ्यायचे, तर बाजू बदलली की मानही बदलणारच. आठवलं ते त्यांचं त्यांनाच. नवीन गोळी लागू पडली असेल. ती दवाखान्यात काम करणारी बाई होती, गोळ्यांवर तिचा विश्वास होता.

४

घरी जेवताना राजे खुशीत होते.

"आज शब्द छान दिलेस हं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"मी कुठे दिले? तुमचे तुम्हीच घेतलेत."

"डावीकडून दिलेस की. जीव ओतून. अगदी कानात तोंड घालून बोलल्यासारखे." त्यांनी आपल्या डाव्या कानाला हात लावला. "मी तुला शिकवलं होतं ना, भाव द्यायचा नाही म्हणून? ते चुकलंच माझं."

टाचणीने घास तोंडाजवळ नेऊन तसाच धरला. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली, नळाखालची बादली भरून वाहायला लागली. ती उठली नाही.

"बाबा, आणि उजवीकडे?"

"उजवीकडे काय?"

"उजवीकडे कोण बसतं?"

राजेंनी आठवून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, ते तिला दिसत होतं. "मास्तरांनी ठेवलीये कुणीतरी," ते म्हणाले. "चांगली आहे, पण फार कोरडी. तिचे शब्द हल्ली मला पोचत नाहीत."

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. नळ बंद करायला ती उठली आणि त्याला धरून बराच वेळ उभी राहिली. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी भीती वाटलीच नाही. हेवा वाटला. आपणच मांडलेल्या रिकाम्या खुर्चीचा.

५

शुक्रवारी धाकटी तिला आरशाजवळ गाठून म्हणाली, "ताई, थँक्यू हं."

"कशाबद्दल?"

शेवटच्या प्रवेशाची एक अडचण होती. मेलेल्या मुलीला उचलून आणणं राजेंच्या वयाला झेपणार नव्हतं. म्हणून मास्तरांनी ठरवलं होतं की राजा तिला राखाडी चादरीवरून ओढत आणेल, डाव्या विंगेतून. धाकटीला त्याआधी दहा मिनिटं त्या विंगेत जमिनीवर डोळे मिटून पडून राहावं लागे. खुर्चीच्या पायाशी.

"मेल्याचं सोंग करायला मला जाम भीती वाटते," धाकटी म्हणाली. "पण तुम्ही कपाळावर हात ठेवता ना, की धडधड थांबते. हात तेवढा गार असतो तुमचा. आणि एक विचारू? लगेच उजवीकडे कशा पोचता हो? प्रवेश सुरू झाला की तुम्ही तिकडे असताच."

टाचणी म्हणाली, "धावते." दुसरं काय म्हणणार होती? मुलीला रविवारी त्याच जागी डोळे मिटून पडायचं होतं.

सगळे चहाला बाहेर गेले तेव्हा ती डाव्या विंगेत गेली. खुर्ची होती तशी. स्वेटर होता तसा. मात्र दोन्ही बाह्या पुढे घेऊन खुर्चीच्या हातांवर ठेवल्या होत्या. तिने अडकवताना मागे सोडल्या होत्या. वारा म्हणावं तर खिडक्यांना कागद लावलेला.

तिने रजिस्टर उचललं. ते कोरं नव्हतं. शब्द एकही नव्हता, पण पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि त्या खुणा तिच्याच होत्या. श्वास घ्यायचा तिथे बारीक टिंब. थांबायचं तिथे दोन तिरक्या रेघा. नट हमखास अडतो तिथे गोल, आणि गोलात त्याचं पहिलं अक्षर. राजेंच्या गोलात "रा". ती प्रत घेऊन आली आणि पान पानाशी लावून पाहिलं. खुणा बिनचूक होत्या. तिच्या प्रतीत दोन गोल राहून गेले होते, तेही यात होते.

आपणच केल्या असतील, असं तिने म्हणून पाहिलं. मन थाऱ्यावर नव्हतं, रिकाम्या वेळी हात चालला असेल. दवाखान्यात असे लोक येतात, चांगली शहाणी माणसं, आपण केलेलं त्यांना आठवत नाही. वडिलांचंच दुखणं आपल्यालाही नसेल कशावरून? हा विचार भयंकर होता, पण त्या घडीला तिला त्यातल्या त्यात तोच बरा वाटला.

नाटक संपतं तिथे खुणाही संपायला हव्या होत्या. तिने पान उलटलं. पुढच्या पानावर अगदी मधोमध आणखी एक गोल होता.

गोलात अक्षर होतं "टा".

टाचणी कधी अडत नाही. तिला संवादच नसतात. तिने रजिस्टर मिटून जागेवर ठेवलं आणि त्याच्या पुढचं पान बघितलं नाही.

६

शनिवारी तिने खुर्ची काढली. दिवा काढला, स्वेटर पिशवीत कोंबला, रजिस्टर दवाखान्याच्या कपाटात मागच्या मागे ठेवून आली. कुणाला काही बोलली नाही.

रंगीत तालीम सुरू झाली. पहिल्या प्रवेशात राजे बरे होते. दुसऱ्यात चाचरले. वादळात ते कोपऱ्यात गेले, करंगळी चोळली, डावा कान विंगेकडे दिला आणि थांबले. टाचणीने उजवीकडून शब्द दिले. पुन्हा दिले. नियम मोडून तीन शब्द दिले, मग अख्खं वाक्य दिलं. राजे तिच्याकडे बघतच नव्हते. ते डाव्या विंगेच्या अंधारात बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं ते नाटकातलं नव्हतं.

"कुठे गेली ती?" ते म्हणाले. "मास्तर, माझी मुलगी कुठे गेली? तिला कुणी घालवलं?"

राजेंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टाचणी विंगेतून बाहेर आली, त्यांच्या समोर उभी राहिली. "बाबा, मी इथे आहे. ही काय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. घाबरलेला माणूस अनोळखी माणसाशी जितक्या अदबीने बोलतो तितक्याच अदबीने ते म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा."

मास्तरांनी चष्मा काढला. पुसायला लागले. "पुरे," ते म्हणाले. "उद्या मी करतो. टाचणी, त्यांना घरी ने."

आता इथे टाचणीने काय करायला हवं होतं, हे तुम्हाआम्हाला लांब बसून सांगणं सोपं आहे. तिच्यापुढे एक म्हातारा माणूस भर दुपारी, सहा लोकांसमोर, हरवलेल्या पोरासारखा रडत होता. त्याला काय हवं आहे ते तिला माहीत होतं. तिच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

"पाच मिनिटं द्या," ती मास्तरांना म्हणाली.

तिने स्वतःच्या हाताने खुर्ची परत ठेवली. पिशवीतून स्वेटर काढला, झटकला, पाठीवर अडकवला. दिवा लावला. रजिस्टर तर दवाखान्यात होतं, म्हणून बैठक रिकामीच ठेवली. मग उजवीकडे जाऊन बसली आणि प्रत उघडली. डोळे मात्र पानावरच ठेवले. वर बघायची तिची छाती झाली नाही.

राजेंनी मान डावीकडे झुकवली. त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

"हं," ते म्हणाले, आणि वाक्य उचललं. शेवटपर्यंत एकदाही अडले नाहीत. मास्तरांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

रविवारी सकाळी चहाचा कप घेताना राजे म्हणाले, "आभारी आहे." नुसतं तेवढंच.

७

खेळ दुपारी चारचा होता. ऐंशी खुर्च्या भरल्या, मागे काही माणसं उभी राहिली. राजे असे उभे राहिले की मास्तरही दिग्दर्शन विसरून बघत बसले. वादळात ते ओरडले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईने मुलाला जवळ ओढलं.

टाचणीला काही कामच उरलं नव्हतं. पानामागून पान उलटत गेली, ओळीवर बोट फिरवत गेली, तोंड एकदाही उघडलं नाही. समोर, रंगमंचापलीकडे, डाव्या विंगेत तो निळा ठिपका दिसत होता. त्याच्यामागे काय आहे ते दिसत नव्हतं. स्वेटर दिसत होता. स्वेटरला खांद्यांचा आकार आला होता की नाही, यावर ती पैज लावायला तयार नव्हती.

शेवटचा प्रवेश आला. राजे चादर ओढत डावीकडून आत आले. चादरीवर धाकटी निपचित. ते तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले आणि अडले. करंगळी चोळली. हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं, पत्राही वाजत नव्हता. म्हणून टाचणीला पहिल्यांदा ऐकू आलं.

तिचाच आवाज होता. पण असा आवाज तिने आयुष्यात लावला नव्हता. लावावासा वाटला होता. लहानपणी विंगेत बसून वडिलांना बघताना, नंतर बावीस वर्षं सपाट आवाजात दोन-दोन शब्द देताना, दर वेळी जे गळ्याशी येऊन तिने गिळलं होतं ते सगळं त्या आवाजात होतं. दोन शब्दांवर तो थांबला नाही. अख्खं वाक्य बोलला, मग पुढचं. आणि राजे ते बोलत गेले, श्वासाला श्वास लावून. समोर माणसं उघडउघड रडत होती. टाचणीही रडली. तिला ते फार सुंदर वाटलं, हेच सगळ्यात वाईट होतं.

८

टाळ्या बराच वेळ चालल्या. मग हार नाही, भाषण नाही, मास्तरांनी राजेंना फक्त मिठी मारली. लोक गेले. बाकीचे तिघं नट कपडे बदलून हॉलबाहेर उतरत्या उन्हात चहा पीत उभे राहिले, दिवे बघणारा खाली वायरी गुंडाळायला लागला. टाचणीने आपला दिवा विझवला, निळ्या कागदासकट पिशवीत ठेवला. प्रत मिटून त्यावर ठेवली. पिशवी खांद्याला लावली आणि वडिलांना शोधायला निघाली.

ते डाव्या विंगेत होते. खुर्चीसमोर एका खोक्यावर बसले होते, राजाचा झगा अजून अंगावर. खुर्ची रिकामी होती. स्वेटरच्या बाह्या पुढे घेतलेल्या होत्या.

"बाबा, निघायचं ना?"

त्यांनी वर पाहिलं. हसले. ओळखीचं नव्हे, सभ्य हसू.

"बाई, तुम्ही व्हा पुढे. माझी मुलगी येतेय. ती नेईल मला."

"मीच ना ती बाबा. टाचणी."

"नाही हो," ते समजुतीने म्हणाले. "ती इथे बसते."

बाहेरून धाकटीच्या हसण्याचा आवाज आला. मग तिने स्वेटर उचलला. तो ऊबदार होता, कुणीतरी आत्ताच काढून ठेवावा इतका. तिने तो अंगात घातला आणि खुर्चीवर बसली. रिकाम्या खुर्चीत बसायला तिला इतका वेळ का लागला, देव जाणे. बैठकही गरम होती.

राजेंनी डावा कान तिच्याकडे झुकवला. चेहरा उजळला.

"आलीस? काय गं टाचणे."

सकाळपासून ती याचीच वाट बघत होती! आता बोलायचं होतं. काहीही, जीव ओतून, आत्ता ऐकलेल्या त्या आवाजात. तिने तोंड उघडलं आणि ती अडली. एक शब्द नाही. राजे कान देऊन वाट बघत होते. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडायला लागली, डोळे तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू सुटायला लागले. टाचणीचा अंगठा आपोआप करंगळीवर गेला.

तेवढ्यात समोरून, रंगमंचापलीकडून, उजव्या विंगेतून, सामानाची यादी वाचावी तशा सपाट आवाजात दोन शब्द आले.

"चला बाबा."

तिने तिकडे पाहिलं. पिशवी खांद्याला होती, पिशवीत दिवा होता, प्रत होती. उजव्या विंगेत निळा उजेड होता. उजेडात एक पान होतं आणि पानावरच्या ओळीवर ठेवलेलं एक बोट. बोट पुढच्या ओळीवर सरकलं आणि थांबलं.

"चला बाबा," टाचणी म्हणाली. "घरी जाऊ."

राजे तिचा हात धरून उठले.